पिवळ्या पट्टीच्या आत

न्हाव्याचा दात आरशाखालच्या फळीवर येऊन पडला, तेव्हा फोरमनला आधी तो साबणाचा तुकडा वाटला. मग त्यानं स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. हातात पाणी मारायची स्टीलची बाटली होती आणि तिचा तळ चेपला होता. न्हावी खुर्चीच्या पायाशी बसला होता, तोंडावर दोन्ही हात दाबून, आणि बोटांच्या फटींतून निघालेलं रक्त कोपरापर्यंत ओघळलं होतं. पाळीची वाट बघणारे दोघे बाकावरून उठून उभे राहिले होते, एकाच्या हातात वर्तमानपत्र तसंच होतं. म्हणजे मी मारलं, असं फोरमननं ताडलं. आठ महिन्यांपासून त्याला स्वतःच्या करणीची बातमी अशीच मिळत आली होती, शेजाऱ्यापाजाऱ्यांना मिळते तशी, सगळं घडून गेल्यावर. न्हाव्यानं काही वावगं केलं नव्हतं. पंधरा वर्षं तो हीच मान, हेच गाल साफ करत होता. आज उजवा गाल झाला, डाव्याला फेस लावून झाला, आणि डोकं थोडं कलतं करायला त्यानं अंगठा फोरमनच्या कपाळावर टेकवला, डाव्या भुवईच्या वर, जिथं आता हाडाऐवजी पत्रा आहे तिथं. दुखलं नव्हतं. राग आला असंही म्हणता येत नव्हतं. अंगठा टेकला आणि बाटली तोंडावर बसली, आणि या दोहोंच्या मध्ये जी जागा पूर्वी असायची ती नव्हतीच. समोर कंगवा पडला होता. फोरमननं तो उचलला आणि शांतपणे केस विंचरले, कारण कंगव्यानं विंचरायचंच असतं. "फोरमन, तुम्ही जा," न्हावी हाताआडून म्हणाला. "अर्धी राहिलीय," फोरमन म्हणाला. वर्तमानपत्रवाल्यानं धीर करून त्याचा दंड धरला, आणि पुढच्याच क्षणी तो बाकासकट उलटा होऊन भिंतीवर आदळला. मग फोरमन बाहेर पडला. दार उघडं दिसलं म्हणून परत वळला आणि ते नीट ओढून घेतलं.

रस्त्यावर ऊन होतं. त्यानं हात खिशात घातले. बायकोनं त्याच्या सगळ्या पँटींचे खिसे उसवून मनगटाच्या वरपर्यंत खोल करून दिले होते, म्हणजे हात आत गेले की चटकन बाहेर येत नाहीत. नखांत रक्त वाळत होतं. त्याला वास नव्हता, फेसालाही नव्हता, आठ महिन्यांत कशालाच वास आला नव्हता. चहा म्हणजे गरम पाणी आणि बायको म्हणजे आवाज. आज हात उठला, हे त्याला स्पष्ट कळत होतं, आणि त्याचा अर्थ काय तेही. सात आठवड्यांपूर्वी त्यानं स्टूल फेकून मारलं होतं आणि बायकोचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. दूध उतू गेलं एवढंच कारण, आणि दूध उतू गेल्याचा वास त्याला आला नाही हे त्यामागचं कारण. तिचा भाऊ तेव्हापासून संस्थेचा फॉर्म घेऊन येत होता. शहराबाहेर, डोंगराच्या पायथ्याशी, चांगली माणसं आहेत म्हणे, खोल्यांना कड्या बाहेरून आहेत. हात गळ्यात बांधलेल्या बायकोनं भावाला सांगितलं होतं, "अजून एकदा हात उठू दे, कुणावरही. मग मी सही करीन. तोवर नाही." ती शब्दाची पक्की बाई होती. आणि फोरमनला घरी राहायचं होतं. एवढ्या पडझडीतून एकच इच्छा धड बाहेर आली होती, ती ही. आठ वर्षांची मुलगी शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी "बाबा, आज किती वेळा?" असं विचारते, ते रोज ऐकायला मिळावं, बाकी काही मिळालं नाही तरी चालेल.

किती वेळा म्हणजे घरातल्या भिंतीवरची बटणं किती वेळा दाबली. त्या बटणांची हकीकत कारखान्यातली आहे. पत्रा कापणाऱ्या, वाकवणाऱ्या प्रेसला दोन लाल बटणं असतात, हाताच्या पंजाएवढी, एकमेकांपासून चांगली लांब. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही. मशीन बनवणाऱ्यानं मोठा विचार करून ठेवलेली गोष्ट आहे ती: दोन्ही हात बटणांवर असले की एकही हात जबड्यात नसतो. पण काम करणाऱ्याला घाई असते. तो एक बटण कायमचं दाबलेलं राहावं म्हणून फटीत पुठ्ठ्याची घडी खुपसतो आणि एका हातानं प्रेस चालवतो, दुसऱ्यानं माल सरकवतो. अशानं बोटं जातात. फोरमननं एकवीस वर्षं हेच केलं, पाळीत चार फेऱ्या मारायच्या, पुठ्ठे उपटायचे, आणि दोन हात, दोन हात, असं ओरडत सुटायचं. त्याचं नाव दोनहाते पडलं होतं. तो दिसला की पोरं एकमेकांना खुणावायची, दोनहाते आले, पुठ्ठा काढ. तो कधी कुणावर हात सोडाच, आवाजही फारसा चढवत नसे. पुठ्ठा सापडला की तो ऑपरेटरच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "घरी ने. बायकोला दाखव. सांग, माझी बोटं या पुठ्ठ्यापेक्षा स्वस्त आहेत." थंड डोक्याचा माणूस, असं मालकही म्हणायचे. त्या थंड डोक्यात नेमकं कुठं काय थंड होतं ते तेव्हा कुणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं.

आणि त्या दिवशी पुठ्ठा त्यानं स्वतः लावला होता. हे त्यानं कुणापासून लपवलं नव्हतं, विचारलं नाही तरी सांगत सुटायचा. प्रेसमध्ये नवा डाय, म्हणजे खालचा साचा, बसवला होता, माल तिरका येत होता, दोन ऑपरेटर हरले. फोरमन म्हणाला, बाजूला व्हा. का तिरका येतो ते बघायला एक हात मोकळा हवा होता आणि डोळे आत हवे होते. खोक्याचा एक पुठ्ठा फाडला, घडी केली, डाव्या बटणात खुपसली. एकवीस वर्षांत पहिल्यांदा, एकाच ठोक्यापुरती. वाकला. उजव्या हातानं बटण दाबलं. वरून येणारा पोलादी पंच डायवर आपटून तडकला आणि त्याचा बोटाएवढा तुकडा फोरमनच्या डाव्या भुवईवरून आत गेला. तो पडलाही नाही. उभ्या उभ्याच म्हणाला, "बघा, सेंटर हललंय," आणि खिशातला रुमाल काढून मशीन पुसायला लागला, आणि रुमालावर मशीनचं तेल नव्हतं.

डॉक्टरबाई समंजस होत्या. त्यांनी टेबलावर पत्ते मांडले, रंगीत आकारांचे, आणि म्हणाल्या, हातातला पत्ता यांतल्या कशाखाली जातो ते तुम्हीच ठरवा, मी फक्त बरोबर की चूक सांगेन. त्यानं रंगाला रंग लावला. बरोबर. पुन्हा रंग. बरोबर. दहा पत्ते झाल्यावर बाई अचानक चूक म्हणाल्या. "म्हणजे आता रंग नाही, आकार," फोरमन लगेच म्हणाला आणि पत्ता रंगाखालीच ठेवला. चूक. "माहीत आहे, आकार," तो म्हणाला, आणि पुन्हा रंग. त्याला दिसत होतं. तोंड बरोबर बोलत होतं आणि हात जुन्याच वाटेनं जात होता. वीस-बावीस पत्ते असेच गेले. बायको खिडकीबाहेर बघत राहिली. शेवटी बाईंनी पत्ते गोळा केले. "बुद्धी शाबूत आहे, आठवण शाबूत आहे, कळतं तर सगळंच," त्या म्हणाल्या. "पण 'थांब' म्हणणारा आणि 'आता वळ' म्हणणारा, दोघंही कपाळाच्या मागे बसतात. ते जागेवर नाहीत." फोरमननं विचारलं, "रजेवर आहेत की नोकरी सोडली?" बाई हसल्या. बायको हसली नाही. "रजा किती दिवसांची ते मला सांगता येत नाही," बाई म्हणाल्या. चौकात आल्यावर त्याला हे सगळं आठवलं, कारण समोर लाल दिवा होता. "लाल आहे," तो मोठ्यानं म्हणाला आणि चालायला लागला. "लाल आहे, लाल आहे," असं म्हणतच तो रस्त्याच्या मध्यावर पोचला.

गाडीचा पुढचा भाग त्याच्या मांडीपासून वीतभर अंतरावर थांबला. आतल्या माणसानं काच खाली करून त्याच्या आईचा उद्धार केला. फोरमनचा उजवा हात खोल खिशातून कसा निघाला ते त्याला कळलं नाही, शिवण फाटल्याचा आवाज तेवढा झाला. मूठ बॉनेटवर पडली. मग पुन्हा पडली, त्याच जागी, आणि पुन्हा, आणि त्याला पत्र्याचा आवाज ओळखीचा वाटला, सावकाश चाललेल्या प्रेससारखा एका तालातला, म्हणून तो मारत राहिला. सातव्या-आठव्या ठोक्याला पत्र्यात खड्डा पडला. मुठीत काहीतरी आतून काडीसारखं मोडलं, तेही ऐकू आलं. आतला माणूस काच वर करून दोन्ही हातांनी चाक धरून बसला होता. त्याच्या तोंडाचा रंग उडाला होता. फोरमनला त्याची दया आली, खरोखर आली, आणि दया येत असतानाच त्यानं नववा ठोका घातला. मग मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवले, आवाजाचा ताल बिघडला, आणि हात आपोआप थांबला. पलीकडच्या फुटपाथवर एक म्हातारी नातवाचे डोळे झाकून उभी होती. फोरमननं तिला मान लववून नमस्कार केला. सभ्यपणा कुठंही गेला नव्हता, हीच तर पंचाईत होती.

जिने चढताना उजवा हात हातमोज्यासारखा फुगला. दार मुलीनं उघडलं. तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं, एक गाल गुळगुळीत आणि दुसऱ्यावर वाळलेला फेस, आणि ती दाराला धरून खदाखदा हसली. "बाबा, तू अर्धाच परत आलास." तो हसला. हसणं त्याला यायचं, फक्त थांबवता यायचं नाही, तेव्हा तो हसतच आत गेला. आत बायको उभी होती आणि खुर्चीत तिचा भाऊ बसला होता, आणि त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसत होतं की फोन त्याच्याआधी घरी पोचला होता. भाऊ वाईट माणूस नव्हता. दवाखान्यात अकरा रात्री तोच बाकावर झोपला होता. त्याची बहीण गळ्यात हात बांधून स्वयंपाक करायची, ते बघणं त्याच्या जिवावर यायचं, इतकंच. "खरं का हो?" बायकोनं विचारलं. "खरं," फोरमन हसू न आवरता म्हणाला. "कशानं?" "बाटलीनं. एकच दात पडला. आणि एक जण बाकासकट पडला. आणि एक गाडी." खोटं बोलायलाही मध्ये एक थांबा लागतो. बायकोनं डोळे मिटले. "तू आतल्या खोलीत जा," ती मुलीला म्हणाली. मुलगी दोन पावलं गेली आणि बोळातल्या दाराशी उभी राहिली.

भावानं फॉर्म टेबलावर ठेवला, त्यावर पेन ठेवलं. "ताई, तू शब्द दिला होतास," तो हळू म्हणाला. घरात उघड्यावर काहीही ठेवायचं नाही हा नियम त्याच्या लक्षात राहिला नाही. गेले सात आठवडे या घरात टेबलं, कट्टे, फळ्या सगळं मोकळं असायचं. सुरी कुलपात, कात्री कुलपात, हातोडी शेजाऱ्यांकडे. फोरमनला पेन दिसलं. पेनानं लिहायचंच असतं. सुजलेल्या बोटांत ते कसंबसं धरून त्यानं जिथं पालकाची सही असं छापलं होतं तिथं स्वतःची सही केली, पूर्ण नावाची, खाली रेघ ओढून, पाळी संपल्यावर रजिस्टरवर करायचा तशी. बायकोच्या तोंडून हसू फुटलं आणि अर्ध्यावरच त्याचं रडू झालं. "भाऊजी, काय करताय," भाऊ म्हणाला आणि त्यानं कागद ओढला. ओढायला नको होता. पेन आता बोटांत आडवं राहिलं नव्हतं, मुठीत उभं आलं होतं, आणि त्याचं टोक भावाच्या गळ्याच्या मऊ खळीवर टेकलं होतं, कातडी आत दबेपर्यंत. भावानं आवंढा गिळला तेव्हा पेन वरखाली झालं. फोरमन ते वरखाली होणं बघत राहिला. अजून थोडं दाबलं तर आत जाईल, हे त्याला पत्र्याची जाडी कळते तसं कळत होतं, आणि न दाबण्याचं एकही कारण त्याला त्या घटकेला सापडत नव्हतं. "अहो," बायको म्हणाली. ती ओरडली नाही. "बटणं."

त्यानं पेन सोडलं आणि बोळाकडे गेला. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या बोळात, भिंतीवर, खांद्याच्या उंचीवर ती दोन लाल बटणं होती. त्याच प्रेसची. प्रेस भंगारात निघाली तेव्हा ऑपरेटरांनी ती काढून आणून दिली होती, कुणाच्या डोक्यातून ते निघालं ते कुणी बोललं नाही. वायरमननं वर एक हिरवा दिवा बसवला, दोन्ही बटणं एकदम दाबली तरच लागणारा. स्टुलाच्या प्रसंगानंतर फोरमननंच जमिनीवर पिवळी चिकटपट्टी लावली, अर्ध्या वर्तुळात, स्वतःचा हात लांब करून अधिक एक पाऊल, कारखान्यात मशीनभोवती असते तशी. नियम सगळ्या घराला पाठ होता. मशीन चालू असताना पट्टीच्या आत कुणी यायचं नाही. हातात काही उसळलं की बटणं दाबायची, दिवा लागला की साठ मोजायचे. मध्ये दिवा विझला तर पहिल्यापासून. मोजायचं काम मुलीचं होतं, पट्टीला अंगठे टेकवून उभं राहून ती मोजायची, आणि सात आठवडे तिनं मोजलेलं एकदाही वाया गेलं नव्हतं.

आताही ती येऊन उभी राहिली. फोरमननं दोन्ही तळवे ठेवले आणि दाबले. दिवा लागला. "एक, दोन, तीन," मुलीनं सुरू केलं. आठला दिवा विझला. बटणांच्या स्प्रिंगा चांगल्या कडक होत्या आणि उजव्या पंजात मोडलेलं हाड होतं. "पहिल्यापासून," मुलगी म्हणाली. पाचला विझला. पुन्हा. अकराला विझला. हॉलमध्ये भाऊ खोकत होता, आणि बायको कपाटातून त्याचे कपडे काढत होती, हँगरचे आवाज येत होते. फोरमनच्या खांद्यापासून मनगटापर्यंत काहीतरी भरून येत होतं आणि दिवा पुन्हा विझला. "बाबा, तुझा हात सुजलाय," मुलगी म्हणाली. "तू डावं दाब. उजवं मी दाबते." आणि ती पट्टी ओलांडून आत आली.

"पट्टीच्या आत यायचं नाही," फोरमन म्हणाला. ठाम आवाजात म्हणाला, एकवीस वर्षांच्या आवाजात. आणि म्हणता म्हणता त्यानं उजवा हात बटणावरून काढून घेतला. तिनं टाचा उंच करून दोन्ही हातांनी बटण दाबलं. दिवा स्वच्छ, न लुकलुकता लागला. त्याला पुठ्ठा आठवला. घडी केलेला, खोक्याचा, बटणाच्या फटीत बसलेला पुठ्ठा त्याला तिच्या जागी अगदी नीट दिसला, आणि जा, मागे हो, हात काढ, हे सगळं त्याच्या तोंडापर्यंत आलं, पण ती मोजत होती, आणि तिचं मोजणं ऐकायला त्याला आवडायचं. वीस, एकवीस, बावीस. त्याच्या दोन दंडांच्या मध्ये, छातीशी, तिचं डोकं होतं. तिच्या केसांनाही वास नव्हता. मोकळा हात मांडीशेजारी लोंबत होता. पस्तीसला तिनं वर पाहिलं आणि ती पुन्हा हसली. "साबण राहिलाय," ती म्हणाली. मग छत्तीस. मग एका हातानं बटण धरून ठेवून तिनं दुसरा वर केला, फेस पुसायला, आणि सदतीस म्हणताना तिचा अंगठा त्याच्या खाली वाकलेल्या कपाळाला लागला.

आवाज झाला तो तिचं डोकं भिंतीवर आपटल्याचा. मारल्याचा आवाज त्याला ऐकू आला नाही. त्याच्या मुठीतून कळ थेट खांद्यापर्यंत गेली, आणि खाली बघतो तर ती गुडघ्यांवर आली होती, ओठ फाटून रक्त हनुवटीवरून फ्रॉकवर पडत होतं, एक कान लाल झाला होता. ती रडत नव्हती. तिचा एक हात डोक्याच्या वर ताणलेला होता आणि त्याची बोटं लाल बटणावर पांढरी होईपर्यंत दाबलेली होती. वर दिवा हिरवा होता. "मी सोडलं नाही, बाबा," ती म्हणाली. तोंडात रक्त असल्यामुळे शब्द ओले आले. "विझला नाही. बघ."

फोरमनला भीती वाटली. आठ महिन्यांत पहिल्यांदा. हात पुन्हा वर येत होता. रंगाखाली रंग, ठोक्यामागे ठोका, तो हात जुन्याच वाटेनं पुन्हा निघाला होता आणि तो त्याला दिसत होता. त्यानं तो तिच्या बोटांवरून त्या लाल बटणावर आणला आणि अंगाचा सगळा भार त्यावर टाकला. आत हाड हाडावर घासलं. तो गुरासारखा ओरडला, पण दाबून राहिला. "मागे हो," तो म्हणाला. "पट्टीच्या मागे." बायको धावत आली होती. तिनं मुलीला काखेत धरून ओढून घेतलं, आणि तिच्या गळ्याजवळचं नुकतं जुळलेलं हाड कुरकुरलं असणार, तिचा चेहरा वाकडा झाला. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, काहीच नव्हतं, आणि ते सहन करायला त्याच्याकडे काही उरलं नव्हतं. "सही कर," तो भिंतीला तोंड करून म्हणाला. "माझी चुकीच्या जागी झाली." "दुसरा फॉर्म गाडीत आहे," भाऊ म्हणाला. गळ्यावर रुमाल धरून तो जिना उतरायला लागला. त्याची पावलं एकेका मजल्यानं खाली गेली. मागे पट्टीच्या पलीकडे मुलगी आता रडायला लागली होती, साधं, आठ वर्षांच्या मुलीचं रडणं. मोजायला कुणी नव्हतं. अडतीस, फोरमन म्हणाला. एकोणचाळीस. उजव्या पंजातून घाम आणि रक्त बटणावरून भिंतीवर उतरत होतं आणि दिवा लागलेला होता. पन्नास. बायको मुलीच्या ओठाला बर्फ लावत काहीतरी पुटपुटत होती. एकोणसाठ, साठ. साठला थांबायचं असतं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. एकसष्ट, तो म्हणाला. बासष्ट.